हार्डवेअर खोटं बोलेल हे धरून सॉफ्टवेअर कसं लिहायचं

दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरसाठी मी पहिला कंट्रोलर बनवला, तेव्हा माझ्या मते तो पक्का होता. सेन्सरचा प्रत्येक आकडा सीआरसीने, म्हणजे डेटासोबत येणाऱ्या पडताळणीच्या आकड्याने, तपासून घेत होतो. सेन्सर निघाला तर भोंगा वाजायचा. पण एका रात्री टाकीच्या झाकणाखाली सेन्सरची वायर चेपली आणि तिच्यातली डेटा लाइन जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टच्या ग्राउंडला, शॉर्ट झाली. स्क्रीनवर ०.० अंश दिसायला लागलं. दूध थंडगार आहे असं समजून सॉफ्टवेअरने कॉम्प्रेसर बंद ठेवला. भोंगा वाजायचं कारणच नव्हतं. सकाळी टँकर आला तेव्हा दूध आंबलं होतं.

सेन्सर सरळ मेला असता तर काहीच नुकसान झालं नसतं, कारण त्याची सोय मी केली होती. तो मेला नाही, खोटं बोलला. तेव्हापासून कुठलाही भाग हातात घेतला की मी आधी विचारतो, हा खोटं बोलला तर कसा बोलेल? खालच्या पायऱ्या त्या प्रश्नाभोवती लावल्या आहेत. उदाहरणं कूलरची आहेत, पण पंपाचा स्टार्टर असो की सर्व्हर, क्रम हाच.

आधी हे जवळ ठेवा

- वापरत असलेल्या प्रत्येक चिपची डेटाशीट आणि तिचा इराटा. इराटा म्हणजे बनवणाऱ्यानेच कबूल केलेल्या चुकांची यादी. नवखे लोक ती उघडतच नाहीत.
- वीज तोडण्यासाठी एक वेगळा बोर्ड आणि रिले. पायरी ८ मध्ये लागेल.
- मल्टिमीटर, जमलं तर साधा लॉजिक ॲनालायझर.
- कॉम्प्रेसरची लाइन तपासायला करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी.
- एक वही. बिघाडांचा तक्ता आधी कागदावर होऊ द्या.

२३० व्होल्टच्या बाजूला हात घालायचा तर वायरमनला सोबत घ्या. इथे धाडस नको.

### १. बिघाडांचा तक्ता करा

प्रत्येक भागापुढे तीन रकाने: मुका, खोटारडा, लहरी. मुका म्हणजे उत्तरच देत नाही. खोटारडा चुकीचं उत्तर ठामपणे देतो. लहरी कधी नीट चालतो, कधी नाही, आणि तुम्ही बघायला गेलात की हमखास नीट चालतो.

रिलेचंच घ्या. मुका रिले ओढत नाही. खोटारड्याचे कॉन्टॅक्ट वेल्ड झालेले असतात. तुम्ही बंद म्हणता, पिनवर शून्य जातं, कोडला वाटतं बंद झालं, आणि कॉम्प्रेसर चालूच राहतो. दूध टाकीच्या तळाला गोठतं. इथे सीटी उपयोगी पडतो: बंद म्हटल्यावर दोन सेकंदांनी करंट वाहतोय का ते बघा. हुकूम दिला म्हणजे काम झालं, असं कोडमध्ये कुठेही धरू नका.

सापळा: तक्त्यात फक्त मुका हा रकाना भरून लोक मोकळे होतात. खोटारड्याचा रकाना रिकामा दिसला तर तो भाग प्रामाणिक आहे असं समजू नका, तुमचा विचार अपुरा आहे.

### २. काहीच कळत नसेल तेव्हा काय करायचं ते ठरवा

पुस्तकी उत्तर असतं, सगळं बंद करा. गिरणीच्या मोटरला ते चालेल. कूलरला नाही. कॉम्प्रेसर बंद ठेवला तर दूध आंबतं, चालू ठेवला तर गोठतं. दोन्हीकडून मरण.

आम्ही त्याला आंधळी पाळी म्हणतो. सेन्सरवर भरवसा उरला नाही की कॉम्प्रेसर घड्याळावर चालवायचा, दहा मिनिटं चालू आणि वीस मिनिटं बंद, सोबत भोंगा. आमच्या टाकीला हे प्रमाण जमलं. तुमचं तुम्ही भरलेल्या आणि अर्ध्या टाकीवर मोजून काढा. दूध अगदी चार अंशांवर राहणार नाही, पण माणूस येईपर्यंत तग धरेल. त्यापलीकडे गोठण्यापासून वाचवायला एक साधा यांत्रिक थर्मोस्टॅट कॉन्टॅक्टरच्या (कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेच्या) लाइनमध्ये सिरीजमध्ये टाका. त्याला तुमचं सॉफ्टवेअर माहीतही नसतं, हाच त्याचा गुण.

### ३. सेन्सरची उलटतपासणी

डीएस१८बी२० हा सेन्सर स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो आणि खोटं बोलण्याचे त्याचे प्रकार ठरलेले आहेत. म्हणून शिकायला उत्तम.

पहिला प्रकार, ८५ अंश. सेन्सरला वीज मिळाली की त्याच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आत आकडा ठेवायच्या जागेत, ८५ हाच आकडा असतो. बारा बिटांचं मोजमाप करायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात वाचलंत, किंवा मधेच व्होल्टेज डीम होऊन सेन्सर पुन्हा सुरू झाला, तर ८५ मिळतं आणि सीआरसी अगदी बरोबर असतो. सीआरसी फक्त इतकंच सांगतो की आकडा वाटेत बिघडला नाही. तो खरा आहे की नाही, हे त्याला काय माहीत?

मग ८५ दिसलं की फेकून द्यावं? सरसकट नको. टाकी गरम पाण्याने धुताना तापमान बरंच वर जातं. आधीचे-नंतरचे आकडे ८३, ८४ असे चढत आलेले असतील तर ते खरं धरा. चारवरून एका दमात ८५ झालं असेल तर खोटं.

दुसरा प्रकार माझ्या अंगावर आलेला. डेटा लाइन जमिनीला टेकली की सेन्सरच्या उत्तराचे नऊही बाइट शून्य वाचले जाऊ शकतात. या सेन्सरच्या सीआरसीची सुरुवात शून्यापासून होते, त्यामुळे सगळ्या शून्यांचा सीआरसीही शून्यच येतो. तपासणी पास! उपाय डेटाशीटमध्येच आहे. या सेन्सरच्या कॉन्फिगरेशन बाइटमधले खालचे पाच बिट कायम एक असतात, बारा बिटांच्या मोडमध्ये तो बाइट १२७ असतो. तो शून्य आला तर समोर सेन्सर नाहीच. एवढी एक ओळ मी आधी लिहिली असती तर ते दूध वाचलं असतं.

तिसरा: लोकप्रिय आर्डुइनो लायब्ररी सेन्सर सापडला नाही की उणे १२७ देते. तो आकडा तापमान म्हणून सरासरीत घेतलेला कोड मी पाहिला आहे. सरासरी उणे झाली, कॉम्प्रेसर बंद.

प्रत्येक आकड्याला हे चार प्रश्न विचारा:

- हा शक्य आहे का? (दुधाच्या टाकीत उणे वीस नाही.)
- इतक्या वेळात इतका बदल शक्य आहे का? (हजार लिटर दूध एका मिनिटात पाच अंशांनी थंड होत नाही.)
- किती शिळा आहे? प्रत्येक आकड्यासोबत त्याची वेळ ठेवा. अडकलेला सेन्सर तोच आकडा देत राहतो आणि तो नेहमी शक्यच वाटतो.
- बाकीच्या गोष्टींशी जुळतो का? कॉम्प्रेसर तासभर चालू आहे, सीटी सांगतोय करंट वाहतोय, तरी तापमान तसूभर हललं नाही, तर काहीतरी खोटं आहे.

दोन सेन्सर लावले तर भांडण कळतं, खरं कोण ते कळत नाही. तीन लावून मधला आकडा घेणं बरं. पण खोटे आकडे गाळणाऱ्या अशा गाळणीवरही डोळे मिटून विसंबू नका. ७ ऑक्टोबर २००८ ला सिंगापूरहून पर्थला जाणारं क्वांटासचं एअरबस ए३३० विमान हवेत अचानक दोनदा नाक खाली करून झेपावलं. शंभराहून अधिक माणसं जखमी झाली. हवेची माहिती देणाऱ्या तीन युनिटांपैकी एक युनिट विमानाच्या कोनाचे अधूनमधून उडी मारणारे खोटे आकडे पाठवत होतं. सॉफ्टवेअरमध्ये अशा उड्यांसाठी सोय होती. उडी दिसली की पुढचे १.२ सेकंद उडीआधीचाच आकडा धरून चालायचं. पण उड्या नेमक्या १.२ सेकंदांच्या अंतराने आल्या तर दुसरी उडी आत शिरायला वाट मोकळी होती. तुमच्या गाळणीचीही अशी एक लय असते. ती कुठली, हे स्वतः शोधा.

### ४. लिहिता लिहिता लाइट गेली तर

ग्रामीण भागात हा रोजचा प्रसंग, त्यामुळे इथे जरा थांबू.

सेटिंग किंवा मीटरचे आकडे एकाच जागी परत परत लिहू नका. दोन जागा ठेवा. प्रत्येक नोंदीत एक चढता क्रमांक, मग डेटा, शेवटी सीआरसी. लिहिताना नेहमी दोन्हींपैकी जुनी नोंद असलेल्या जागेवर लिहा. सुरू होताना दोन्ही वाचा, सीआरसी जुळणाऱ्यांपैकी मोठ्या क्रमांकाची घ्या. लाइट कुठल्याही क्षणी गेली तरी एक नोंद शाबूत राहते. सीआरसीची सुरुवात शून्याने करू नका, कारण वर पाहिलंच. आणि कोरी ईईप्रॉम (लाइट गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी) सगळीकडे २५५ दाखवते, तेही तपासा.

आता झीज. एटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरची (आर्डुइनो ऊनोवरच्या चिपची) ईईप्रॉम एका जागी १,००,००० वेळा लिहिता येते. आकडा मोठा वाटतो. दर मिनिटाला लिहिलंत तर दिवसाला १,४४० वेळा, म्हणजे जेमतेम सत्तर दिवस! तेच ६४ जागांवर फिरवत लिहा, बारा वर्षांपर्यंत जाईल.

याच चिपचा दुसरा सापळा ब्राउनआउटचा. व्होल्टेज हळूहळू उतरतं तेव्हा प्रोसेसर थांबण्याआधी बरळायला लागतो आणि त्या बरळण्यात ईईप्रॉमवर काहीही लिहू शकतो. ठरावीक व्होल्टेजखाली चिपला रीसेटमध्ये धरून ठेवणारा डिटेक्टर आत असतो. आर्डुइनो ऊनोवर तो २.७ व्होल्टला लावलेला येतो. पण १६ मेगाहर्ट्झवर चालायला डेटाशीटप्रमाणे साधारण ३.८ व्होल्ट लागतात. मधल्या पट्ट्यात चिप चालू असते आणि तिच्या चालण्याची हमी कोणी देत नाही. फ्यूज, म्हणजे चिपमधले सेटिंगचे बिट, बदलून डिटेक्टर ४.३ व्होल्टला लावा. पाच मिनिटांचं काम आहे, मला ते कळायला एक अख्खा पावसाळा लागला.

लाइट जाताना शेवटची नोंद करायची असेल तर वेळ मोजा. या ईईप्रॉमला एक बाइट लिहायला साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, वीस बाइटांना सुमारे ७०. तेवढा वेळ बोर्डवरच्या कपॅसिटरने बोर्ड तगवला पाहिजे. म्हणून वीज गेल्याचं कळताच आधी रिले आणि डिस्प्ले सोडून द्या, मग लिहायला घ्या.

कूलरचे आकडे पुढे पाठवायला लिनक्सचा छोटा बोर्ड आणि एसडी कार्ड असेल तर वेगळे नियम. तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, एफसिंक करा (डेटा खरंच कार्डावर उतरव असं सिस्टिमला सांगणारी हाक), मग रिनेमने खऱ्या नावावर आणा, आणि शेवटी त्या डिरेक्टरीवरही एफसिंक करा. ही शेवटची पायरी हटकून राहते.

एफसिंकने एरर दिली तर? पुन्हा एफसिंक करू नका. लिनक्समध्ये पहिली एरर सांगून झाल्यावर तो डेटा लिहून झाल्यासारखा धरला जाऊ शकतो, आणि दुसरी हाक आनंदाने यशस्वी होते. इथे खोटं बोलतंय ते ऑपरेटिंग सिस्टिमच. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना हे २०१८ मध्ये उमगलं. त्यानंतर त्यांनी एफसिंक फसलं की सर्व्हर सरळ पाडून लॉगवरून परत उभा करायचं ठरवलं. तुम्हीही तेच करा.

स्वस्त एसडी कार्डांबद्दल एकच सांगतो. कार्ड आतून मोठे मोठे ब्लॉक पुसून लिहितं. लिहिताना लाइट गेली तर ज्या फाइलला तुम्ही हात लावला नव्हता तीही बिघडू शकते. मूळ सिस्टिमचं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट करा आणि नोंदी वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून नोंदींची दुसरी प्रत कार्डाबाहेर असू द्या.

### ५. वॉचडॉग नीट बांधा

वॉचडॉग म्हणजे ठरावीक वेळात थोपटलं नाही तर चिप रीसेट करणारा टायमर. तो लावणं सोपं, नीट लावणं अवघड.

सगळ्यात मोठी चूक: टायमर इंटरप्टमधून, म्हणजे मुख्य काम मधेच थांबवून ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कोडमधून, थोपटणं. मुख्य लूप केव्हाच अडकून पडलेला असतो, इंटरप्ट मात्र इमानेइतबारे थोपटत राहतो. म्हणजे तुम्हीच एक खोटारडा तयार केलात. त्याऐवजी प्रत्येक कामाने, म्हणजे सेन्सर, कॉम्प्रेसर, मोडेम यांनी, आपलं काम खरंच झाल्यावर एक बिट लावायचा. सगळे बिट लागले तरच एका जागी थोपटायचं आणि बिट पुसायचे. मोडेमची वाट बघणाऱ्या लूपमध्ये थोपटण्याचा मोह होईल. तो टाळा, वाट बघण्यालाच मुदत घाला.

एव्हीआरवर, म्हणजे एटमेगाच्या कुळातल्या चिपवर, आणखी एक गंमत आहे. वॉचडॉगने रीसेट केल्यावर तो बंद होत नाही, सर्वात छोट्या मुदतीवर, सुमारे १६ मिलिसेकंदांवर, चालूच राहतो. तुमची सुरुवातीची तयारी त्याहून लांबली तर पुन्हा रीसेट, पुन्हा रीसेट. मेनच्या पहिल्या ओळींत रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचून जपून ठेवा, मग ते साफ करा आणि वॉचडॉग नव्याने लावा.

मग कॉम्प्रेसरचा प्रश्न. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच सुरू केला तर आतला दाब उतरलेला नसतो, मोटर जाम होते. म्हणून प्रत्येक रीसेटनंतर निदान तीन मिनिटं थांबायचं. किती वेळ बंद होता ते रीसेटनंतर आपल्याला माहीत नसतं. आता जोडा: लहरी मोडेममुळे दर दोन मिनिटांनी रीसेट होतोय, आणि प्रत्येक रीसेटनंतर तीन मिनिटं थांबायचंय. कॉम्प्रेसर कधीच सुरू होणार नाही. दोन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर, एकत्र आले की दूध गेलं.

यावर उतारा: रीसेट मोजा. दहा मिनिटांत तीन झाले तर पुढच्या वेळी हलक्या मोडमध्ये उठा. मोडेम नाही, डिस्प्ले नाही, फक्त तापमान आणि कॉम्प्रेसर. तासभर सुरळीत गेलं की एकेक गोष्ट परत जोडा.

### ६. मेमरीतला बिट उलटला तर

१८ मे २००३ च्या निवडणुकीत बेल्जियममधल्या स्खारबेकला एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडलेली दिसली. मिळू शकतील त्याहून ती जास्त होती म्हणून लक्षात आलं. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, नेमका एक बिट. वैश्विक किरणाने तो उलटला असावा असा निष्कर्ष निघाला.

सर्व्हर असेल तर ईसीसी मेमरी घ्या. ६४ बिटांमागे ८ तपासणीचे बिट, एक चूक दुरुस्त होते, दोन कळतात. दुरुस्त झालेल्या चुकांच्या नोंदीही वाचत चला, त्या वाढू लागल्या की मेमरीची पट्टी बदलायची वेळ आली. मायक्रोकंट्रोलरवर ही चैन नसते. तिथे पिनांची दिशा, टायमरची सेटिंग अशी रजिस्टरं दर फेरीला पुन्हा लिहा. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटतानाच्या ठिणगीने ती बिघडलेली मी पाहिली आहेत. कॉइलवर स्नबर, म्हणजे ठिणगी शोषणारा भाग, लावाच.

प्रोसेसरच चुकीचं गणित करतो, असंही घडतं. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये एक कोर दाखवला, जो १.१ च्या ५३ व्या घाताचा पूर्णांक १५६ ऐवजी शून्य देत होता. बाकी सगळं ठीक. तुमच्या कूलरला ही चिंता नको, हजारो सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हवी.

### ७. जोडी लावताना

दोन सारखे बोर्ड लावले की सुरक्षित झालो, असं वाटतं. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेटवर दिशादर्शक युनिट दोन होती, दोघांत सॉफ्टवेअर एकच. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. राखीव युनिट आधी पडलं, मुख्य युनिट त्यामागोमाग काही मिलिसेकंदांत. आणि पडलेल्या युनिटने पाठवलेली स्वतःच्या बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाचे आकडे समजून वाचली. म्हणून बिघाडाचा निरोप आणि खरा आकडा कधीही एकाच खिडकीतून पाठवू नका. आणि दोन बोर्ड एकाच अडॅप्टरवर असतील तर ती जोडी कशाची?

### ८. स्वतःच बिघाड करा

ही पायरी गाळलीत तर वरचं सगळं कागदावरच राहील.

वीज तोडणारा बोर्ड लावा आणि रात्रभर चालू द्या. मधलं अंतर रँडम ठेवा, म्हणजे लिहिण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कधी ना कधी लाइट जाईल. प्रत्येक वेळी उठल्यावर नोंद शाबूत आहे का ते आपोआप तपासा. शंभर वेळा पुरत नाही. माझी एक चूक सातशेच्या पुढे सापडली.

वीज झटकन तोडून भागत नाही, हळूहळूही उतरवा. बेंच सप्लायवर पाचवरून दोन व्होल्टपर्यंत सावकाश या आणि परत वर जा. ब्राउनआउटच्या चुका यातच दिसतात.

मग सेन्सरची डेटा लाइन जमिनीला टेकवा, प्लसला टेकवा, तोडा. सीटीची वायर काढा. डीबगर लावून एखादं रजिस्टर हाताने बिघडवा. लिनक्सवर डीएम-फ्लेकी नावाची सोय डिस्क मुद्दाम अधूनमधून फसवते, एफसिंकची तुमची वाट त्यावर चालवून बघा. दोन बिघाड एकत्रही करा, कारण पायरी ५ मधला घोळ एकेका चाचणीत दिसलाच नसता.

तक्त्यातल्या प्रत्येक चौकोनापुढे तारीख लिहा: हा बिघाड मी केला, तेव्हा हे झालं.

### ९. माणसाला काय सांगायचं

रात्री केंद्रावर सचिव असतात, नाहीतर त्यांचा मुलगा. त्यांना स्क्रीनवर ‘ई-०७’ दाखवून उपयोग नाही. आमच्या स्क्रीनवर आता असं येतं: ‘सेन्सरवर भरवसा नाही. कूलर घड्याळावर चालू आहे. दर तासाला हाताने तापमान बघा.’ काय बिघडलं, यंत्र सध्या काय करतंय, तुम्ही काय करायचं. तीन वाक्यं.

आणि शंका असताना तापमानाचा आकडा दाखवू नका, तिथे रेघा दाखवा. आकडा दिसला की माणूस त्यावर विश्वास ठेवतो, मग शेजारी कितीही मोठ्या अक्षरात इशारा असो. एका जुन्या बोर्डवर मी शेवटचा चांगला आकडा कंसात दाखवत होतो. सचिवांनी रात्रभर तोच वहीत उतरवला होता, दर तासाला ३.८.